खापराचा रंगीत चुरा आणि भांड्यावरील ठिपके
(मंडळाच्या भिवंडी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या संमेलनाच्या वेळी आपल्या चिटणीसांनी मला सहज विचारले होते की, "हल्ली तुमच्या भांड्यांवर जे ठिपके दिसतात ते कुंचल्याने काढता, की वरून शिंपडता?" मी उत्तर दिले की, काढतही नाही आणि शिंपडीतही नाही, ते मातीतच आहेत. त्यावर, 'मातीतच आहेत' म्हणजे काय ते पुढील वर्षी सर्वांपुढे सांगा, अशी आज्ञा झाली. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. चाकापुढे बसलेल्या माणसाला मान खाली घालून काम करण्याची सवय असते, मान वर करून बोलण्याची नसते. तरी आज्ञा मोडवली नाही म्हणून उभा आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचा चाकाशी संबंध आता उरलेला नाही. कोणी यंत्रमागाच्या कारखान्यात आहेत, कोणी नाशिक रस्त्यावरील गोदामांत, कोणी शाळेत किंवा बँकेत. यात कमीपणा काही नाही. परंतु त्यामुळे मला प्रारंभापासून सांगावे लागेल. जे अद्याप आवा लावतात त्यांनी तेवढा वेळ सोसावा.

कुंभाराच्या घरामागे एक ढीग असतोच. आव्यात तडकलेली, काढताना फुटलेली, वाहून नेताना कडेला लागलेली मडकी, कौले, पणत्या, झाकण्या त्या ढिगावर पडतात. आमच्या आजीला त्या ढिगाचा मोठा राग येई, कारण त्यात तिला बुडालेले कष्ट दिसत. वडील मात्र दर पावसाळ्याच्या आधी त्यातून दोन पाट्या खापर निवडून काढीत, कुटवून घेत आणि रांजणाच्या मातीत मिसळीत. लहान भांड्याच्या मातीत ते कधी मिसळीत नसत. का, असे विचारले तर म्हणत, "रांजणाला आधार लागतो." त्या आधाराचा अर्थ मला पुढे बऱ्याच वर्षांनी उमगला.

ओल्या मातीच्या कणांमध्ये पाणी भरलेले असते. माती वाळली की ते पाणी जाते, कण एकमेकांजवळ सरकतात आणि भांडे आकसते. भाजताना आणखी थोडे आकसते. मी आपल्या इकडच्या मातीची एक पट्टी करून तिच्यावर दहा सेंटिमीटरची रेघ ओढली होती. भाजून निघाल्यावर ती जेमतेम नऊ सेंटिमीटर भरली. त्याच मातीत पाचवा हिस्सा खापराचा चुरा घातला तेव्हा तीच रेघ सव्वानऊच्या पुढे राहिली. कारण उघड आहे. खापराचा कण एकदा अग्नीतून गेलेला असतो. त्याचे आकसणे पूर्वीच होऊन गेलेले असते. त्याच्याभोवतीची कच्ची माती आकसते आणि तो मात्र जागच्या जागी राहतो. शिवाय तो सच्छिद्र असल्यामुळे जाड भिंतीच्या पोटातील वाफेला बाहेर पडायला वाट मिळते. आपले लोक मातीत घोड्याची लीद, राख आणि वाळूही घालतात व त्यांचे कामही बहुतांशी हेच असते. परंतु लीद जळून जाते आणि मागे पोकळी सोडते. वाळूतील गारेचे कण 573 अंश उष्णतेला एकाएकी फुगतात. खापर हे मातीचेच भाजलेले रूप असल्यामुळे ते भोवतालच्या मातीबरोबर तापते आणि तिच्याबरोबरच निवते. गवंडी मंडळींनाही हे गुपित ठाऊक होते. भाजलेली वीट कुटून केलेली सुरखी चुन्यात मिसळून त्यांनी केवढी बांधकामे उभी केली आहेत.

हे ज्ञान फार जुने आहे. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीची जी भांडी सापडली त्यांत दोन जाती स्पष्ट दिसतात. एक जोर्वे पद्धतीची, बारीक मातीची, चाकावर घडविलेली, तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली आणि वाजविली असता खणखणणारी; दुसरी जाड, भरड, हाताने घडविलेली, साठवणीची. नाजूक भांड्याची माती वेगळी आणि रांजणाची वेगळी, हा माझ्या वडिलांचा नियम त्या कुंभारांच्याही घरी होता असे मला त्यावरून वाटते.

येथवर झाली ती बळकटीची गोष्ट. तोच चुरा डोळ्यांना दिसावा आणि शोभावा म्हणून वापरणे ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे. आपली शोभा वरून दिलेली. गेरूचा हात द्यावा, घोटून चकाकी आणावी, लग्नाच्या अविघ्नकलशावर रंग काढावेत. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज टेरी यांनी जी चकचकीत भांडी करविली तीही वरूनच चितारलेली. याउलट जपानात शिगाराकी नावाचे गाव आहे. तेथील मातीत फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे खडे निसर्गतःच असतात आणि मोठ्या आचेत ते वितळून भांड्याच्या अंगावर मोत्यांसारखे उमटतात. चीनमध्ये ज्यांगसू प्रांतातील यीशिंग येथे तर मिंग राजांच्या काळापासून चहाची किटली घडविणाऱ्यांनी याचे शास्त्रच केले. एका रंगाच्या मातीत दुसऱ्या रंगाचे भरड कण मिसळावेत, किंवा घडविलेल्या अंगावर ते पसरून लाकडी थापीने आत ठोकावेत, अशा दोन्ही रीती तेथे आहेत.

हे शेवटचे वाक्य प्रथम वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून हातातल्या थापटण्याकडे पाहत बसलो. आतून गुंडा आणि बाहेरून थापटणे ही तर आपली रोजची क्रिया! चाकावरून उतरलेले जाड मडके आपण ठोकून पातळ करतो. मग शेवटच्या ठोकणीपूर्वी ओलसर अंगावर रंगीत चुरा भुरभुरून तोच हात फिरविला तर? कण आपोआप आत बसतील, वर उचलून राहणार नाहीत, आणि आतली माती तशीच बारीक राहिल्यामुळे माठ पाझरणारही नाही. करून पाहिले आणि तसेच झाले. यासाठी कोणतेही यंत्र घ्यावे लागले नाही.

परंतु हे यश मी आधी सांगितले, अपयश अगोदरचे आहे आणि शिकण्यासारखे तेच आहे.

तांबड्या मातीत तांबडे खापर दिसत नाही, हे पहिले. मी चांगला पायलीभर चुरा कुटून मिसळला, हाताला खरखर लागली, डोळ्यांना काही दिसले नाही. ठिपका दिसायला जमीन आणि कण यांच्या रंगांत विरोध हवा. म्हणून मी काळ्या मडक्यांची खापरे निवडली. आपण आव्याचे तोंड बंद करून, धूर कोंडून जी काळी मडकी काढतो त्यांची ती खापरे होती. चुरा कोळशासारखा काळा निघाला. तो मिसळून वीस कुंड्या घडविल्या, एका ओळखीच्या गृहस्थांना दिवाळीपूर्वी देण्याचे कबूल केले, आवा लावला. उघडून पाहतो तो सगळ्या कुंड्या एकरंगी तांबड्या! काळा कण एकही शिल्लक नव्हता. त्या काळ्या रंगात धातू नव्हता, धूरच होता. मोकळ्या हवेच्या आचेत काजळी जळून गेली, आणि मातीतले लोह पुन्हा तांबडे झाले. धुराने दिलेला रंग दुसऱ्या अग्नीत टिकत नाही, एवढे कळायला मला वीस कुंड्या आणि एक गिऱ्हाईक खर्ची घालावे लागले.

दुसरी फजिती पांढऱ्या कणांची. चिनी माती आणून तिच्या वड्या केल्या, घरच्याच आव्यात भाजल्या आणि कुटल्या. उघड्या आव्याची उष्णता साधारणतः 700 ते 850 अंशांपर्यंत जाते. चिनी मातीला ती पुरत नाही. कण खडूसारखे राहिले, मातीत मळताना विरघळून गेले आणि ठिपक्यांऐवजी सगळी मातीच फिकट झाली. येथे मला गोरोबाकाकांची आठवण झाली. तेरला संतांची मांदियाळी जमली असता त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके वाजवून कोण कच्चे नि कोण पक्के ते पारखले, ही कथा आपल्या घरांतील मुलाला बोलता येण्यापूर्वी ऐकायला मिळते. खापराच्या कणाची पारख थापटण्याने होत नाही, पाण्याने होते. चिमूटभर चुरा वाटीभर पाण्यात रात्रभर भिजत घालावा आणि सकाळी बोटांनी चोळावा. पाणी गढूळ झाले तर कण कच्चा. टोचला तर पक्का. पुढे भिवंडी-कल्याण रस्त्यावरील एका वीटभट्टीवाल्या स्नेह्यांनी माझा मातीचा झाकणबंद डबा भट्टीच्या मध्यभागी ठेवून दिला. तेथे उष्णता आव्यापेक्षा बरीच अधिक असते. त्या डब्यातून निघालेल्या वड्या अशा कठीण झाल्या की, कुटताना ठिणगी उडेल असे वाटावे.

कुटण्यावरून आठवले. लोखंडी खलबत्त्यात पांढरे कण कुटले की लोखंडाचा कीस त्यांत उतरतो आणि भाजल्यावर पांढऱ्या ठिपक्याशेजारी तपकिरी डाग उमटतो. चुऱ्यावरून लोहचुंबक फिरविले की तो कीस निघून येतो. काहींना तो तपकिरी डागच आवडतो. त्यांनी चुंबक विकत घेऊ नये.

तिसरे संकट आपल्या वीटवाल्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. चुनखडीचा एखादा खडा चुऱ्यात राहिला तर आचेत त्याचा कळीचा चुना होतो. भांडे आव्यातून धडधाकट निघते, आठ-पंधरा दिवस हवेतील दमट शोषीत राहते आणि मग त्या जागी टवका उडतो. गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या डोळ्यांदेखत उडतो. म्हणून पडक्या भिंतीच्या विटा, ज्यांना जुना चुना चिकटलेला आहे, त्या या कामी कदापि घेऊ नयेत. जुनी मंगलोरी कौले मात्र उत्तम.

रंगांचे म्हणाल तर भारी रसायनांच्या मागे लागण्यापूर्वी एक साधा प्रयोग करावा. आपली तांबडी माती आणि चिनी माती निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून वड्या भाजाव्यात. निम्मेनिम केली तर फिकट गुलाबी, चिनी माती अधिक केली तर सायीचा रंग, आणि थोडा गेरू वाढविला तर गडद विटकरी. एवढ्या चार-पाच छटा विनाविष आणि विनाखर्च मिळतात. माठ, पेले, ताटल्या अशा खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी मी याच्या पलीकडे जात नाही. खरा काळा किंवा गडद तपकिरी कण हवा असेल तर तांबड्या मातीत मँगनीज डायऑक्साइड मिसळून वड्या कराव्या लागतात. हे खनिज आपल्या विदर्भातच निघते. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील माल विजेरीच्या सेलांत जातो. पण ते विषारी आहे. त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नये, भाजताना निघणाऱ्या धुरात उभे राहू नये, आणि तसे कण कुंडी, दिवा, फुलदाणी यांपुरतेच ठेवावेत. तांबे आणि क्रोम यांच्या हिरव्या कणांविषयीही तेच. एका होतकरू मुलाने जुने सेल फोडून त्यांतील काळी भुकटी वापरल्याचे मला कळले. त्याची कल्पकता मोठी, पण त्या भुकटीत आणखी काय काय असते याची कल्पना त्याला नव्हती. कृपा करून कोणी तसे करू नये.

आता कणाचा आकार. इंचाला 20 छिद्रे असलेल्या चाळणीतून पडणारा कण सुमारे पाऊण-एक मिलिमीटरचा असतो, 40 छिद्रांतून पडणारा त्याच्या निम्मा. चाकावर मोठा कण बोटांची कातडी सोलतो. चाकाच्या मातीत 40 च्याच चाळणीचा घालावा आणि दहाव्या हिश्शापासून सुरुवात करावी. थापून घडविण्याच्या जाड कुंडीला 20 चा चालतो आणि प्रमाणही पाचव्या हिश्शापर्यंत नेता येते. चाकावरून उतरल्यावर ठिपके दिसत नाहीत म्हणून निराश होऊ नये. पाण्याच्या हाताने मातीची साय कणांवर चढलेली असते. भांडे अर्धवट वाळून कडक झाले की ओल्या फडक्याने हलके पुसावे किंवा पातळ पट्टीने खरवडावे. कण तोंड वर काढतात. अशा भांड्याला घोटू मात्र नये. घोटणीबरोबर कण ओढला जातो आणि त्याच्यामागे ओरखडा उठतो. चकाकी आणि ठिपका यांतून एकाचीच निवड करावी लागते.

यानंतर जे सांगायचे आहे ते विशेषतः येथे बसलेल्या भगिनींकडे पाहून सांगतो. आपल्या घरांत चाक पुरुष फिरवितो आणि खापर बहुधा स्त्री कुटते. रंगीत ठिपक्यांना मागणी वाढली तर कुटणे वाढेल, आणि त्याबरोबर धूळही. त्या धुळीत गारेचे इतके सूक्ष्म कण असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, शिंकेने बाहेर पडत नाहीत, फुप्फुसात जाऊन बसतात आणि तेथे हळूहळू व्रण करतात. त्या दुखण्याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर उलटविणारे औषध नाही. माझ्या आजीला अखेरची काही वर्षे दम होता. तो कशाचा होता हे त्या वेळी कोणी तपासले नाही, चुलीच्या धुराचा असेल म्हणून आम्ही सोडून दिले. आज खापर कुटताना तो दम मला ऐकू येतो. म्हणून माझ्या घरी नियम केला आहे: खापर आदल्या दिवशी भिजवायचे, ओलेच कुटायचे, चाळायचे तेही पाण्यात, आणि कोरडा चुरा हाताळण्याचा प्रसंग आलाच तर एन-95 मुखपट्टी बांधायची. पदराचे टोक नाकाला लावल्याने ही धूळ अडत नाही. कुटण्याची जागा घराबाहेर असावी आणि ती झाडू नये, पाण्याने धुवावी. ज्या घरी एवढे करायची तयारी नसेल त्या घरी हे ठिपके नसले तरी चालतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यातील एका वयोवृद्ध कारागिरांनी माझे पहिले ठिपक्यांचे मडके हातात घेऊन, "याला देवी आल्या होत्या काय?" असे विचारले होते. सभोवती हशा पिकला आणि मीही हसलो. पण घरी गेल्यावर मडके पुन्हा पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे निम्मे खरे वाटले. सगळे कण एकाच मापाचे होते आणि सर्वत्र सारखे दाटले होते. रोगाच्या फोडांत आणि ठिपक्यांत फरक असतो तो मोकळ्या जागेचा. तेव्हापासून मी बारीक आणि भरड कण मिसळून घेतो आणि मातीत चुरा कमीच ठेवतो. त्यांचे उरलेले निम्मे म्हणणे असे होते की, देवाच्या कामाच्या भांड्याला हे नको. त्यालाही माझी पूर्ण मान्यता आहे. नवरात्राचा घट, संक्रांतीची सुगडी, लग्नाचे करे ही जशी आहेत तशीच राहावीत. ती लोक आपल्याकडून वस्तू म्हणून नेत नाहीत, बलुत्याच्या काळापासूनचा मान म्हणून नेतात. ठिपक्यांचे भांडे हे बाजाराचे भांडे आहे. मुंबई-ठाण्याच्या गृहिणीला खिडकीत ठेवायची कुंडी हवी असते आणि तिला साच्यातून काढलेल्या हजार सारख्या कुंड्यांपेक्षा वेगळी अशी एक हवी असते. ती आपण देऊ शकतो. कारण दोन आव्यांतील ठिपके कधी सारखे येत नाहीत.

माझा मुलगा गोदामात कामाला जातो. त्याला मी चाकावर बस म्हणून कधी आग्रह केला नाही, करणारही नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेला पगार मिळणे म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी तो घरामागच्या ढिगाशी बसून खापरे रंगांप्रमाणे निवडीत होता. मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. संध्याकाळपर्यंत पाच ढिगल्या झाल्या होत्या. त्यातील एक ढिगली अशा फिकट पिवळसर खापरांची होती की, ती कोणत्या मातीची, कोणत्या आव्यातली, हे मलाही सांगता येईना. ती बहुधा आजोबांच्या वेळची असावीत. त्यांचा चुरा करून काढलेली कुंडी येथे टेबलावर ठेवली आहे, डावीकडून तिसरी.

ज्यांना पद्धतशीर शिक्षण घ्यायचे असेल त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचा ग्रामोदय संघ आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूरची ग्रामीण कुंभारकाम संस्था यांच्याकडे चौकशी करावी. ज्यांना घरीच प्रयोग करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी टेबलावर मी बावीस पट्ट्या मांडल्या आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर मातीचे प्रमाण, कणाची चाळणी आणि भाजण्याची जागा कोरलेली आहे. त्यांत काळ्या मडक्याच्या चुऱ्याची ती तांबडी पट्टीही मुद्दाम ठेवली आहे. पट्ट्या हाताळाव्यात, परंतु घरी नेऊ नयेत, कारण दुसरा संच नाही. 20, 40 आणि 80 छिद्रांच्या तीन चाळण्या मी मंडळाच्या कचेरीत ठेवून जात आहे. ज्यांना हव्या असतील त्यांनी वहीत नाव लिहून न्याव्यात, आणि परत करण्यापूर्वी धुवून, वाळवून द्याव्यात. जाळीत अडकलेला एक तांबडा कण पुढच्याच्या पांढऱ्या चुऱ्यात उतरतो.